स्लीप अ‍ॅप्निया: चिठ्ठीपासून मास्कपर्यंत

‘स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास थांबणं) असू शकतो, स्लीप स्टडी म्हणजे झोपेची तपासणी करून घ्या’ असं डॉक्टरांनी लिहून दिलंय आणि ती चिठ्ठी अजून पर्समध्येच पडून आहे, अशांसाठी हे लिहिते आहे. मी साताऱ्याची, शाळेत शिकवते, पन्नाशी ओलांडली आहे. श्वासमार्ग उघडा ठेवणारं मशीन आणि त्याचा मास्क लावून झोपायची सवय आता अंगवळणी पडली आहे. सुरुवातीला मात्र सगळं सलग सांगणारं कोणी भेटलं नाही. थोडं डॉक्टरांनी सांगितलं, थोडं दुकानदारानं, आणि बाकीचं रात्री दोन वाजता मास्कशी झटापट करताना कळलं.

एक गोष्ट आधीच सांगते. यात मशीन मिळणं अजिबात अवघड नाही, पैसे भरले की घरपोच येतं. अवघड आहे ते पहिल्या महिन्यात तुमचा फोन उचलणारा माणूस मिळणं. डॉक्टर, लॅब, दुकान काहीही निवडताना विचारा: अडलं तर फोन कोणाला करायचा? नीट उत्तर आलं नाही तर पुढच्या दारात जा.

मी डॉक्टर नाही. औषधं, मशीनचा दाब, निदान हे सगळं तुमच्या डॉक्टरांचं काम.

१. आपल्याला हे असू शकतं का, ते तपासा

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचा श्वासमार्ग त्यामुळे मिटतो. छाती हलत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, मोठ्यानं घोरल्यासारखा आवाज येऊन श्वास सुटतो, आणि पुन्हा तेच. श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला तर त्याला अ‍ॅप्निया म्हणतात. रात्रीत हे शेकडो वेळा होऊ शकतं आणि सकाळी त्यातलं काहीही आठवत नाही.

डॉक्टर ‘स्टॉप-बँग’ नावाची आठ प्रश्नांची यादी वापरतात, ती घरीही भरता येते. मोठ्यानं घोरता का? दिवसा थकवा असतो का? झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिलाय का? बीपी आहे का? बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) ३५ च्या वर आहे का? वय ५० च्या वर आहे का? मानेचा घेर ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त आहे का? (शिंप्याची टेप पुरते.) पुरुष आहात का? तीन ‘हो’ आले तर डॉक्टरांशी बोला. पाच आले तर लवकर बोला.

शेवटच्या प्रश्नावर मात्र बायकांनी फसू नये. पुरुषांत हा आजार जास्त दिसतो हे खरं, पण पाळी गेल्यानंतर बायकांतही तो वाढतो. शिवाय बाई घोरते हे आपल्याकडे कोणी उघड बोलत नाही. ती स्वतः तर नाहीच. आमच्या ह्यांनी कित्येक वर्षं ‘कशाला वाईट वाटून घ्यायला लावायचं’ म्हणून विषयच काढला नव्हता. बायकांची लक्षणंही अनेकदा वेगळी असतात: झोप लागत नाही, सारखी मोडते, सकाळी डोकं जड, चिडचिड, अंगात त्राण नाही. मग थायरॉइडची तपासणी होते, हिमोग्लोबिनची होते, आणि शेवटी ‘वयाचं आहे’ असं ऐकायला मिळतं. थायरॉइडची तपासणी हवीच, कारण तो कमी असेल तर अ‍ॅप्निया बळावतो. पण तो नॉर्मल आला म्हणून शोध थांबवू नका.

आणखी खुणा: उठल्यावर तोंड कोरडं पडणं, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, एसटीत बसल्याबसल्या डोळा लागणं, आणि दोन-तीन गोळ्या घेऊनही न उतरणारा बीपी. शेवटची खूण असेल तर ‘झोपेची तपासणी करायची का’ हे फॅमिली डॉक्टरांना तुम्हीच विचारा.

२०२२ च्या फेब्रुवारीत बप्पी लाहिरी गेले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी हेच नाव सांगितलं होतं. त्या आठवड्यात स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या तोंडी ते होतं, पण तपासणीला कोणी गेलं नाही.

२. जाण्याआधी ही फाईल तयार करा

- झोपेतला पाच-दहा मिनिटांचा व्हिडिओ. घरच्या कोणाला तरी पहाटेच्या सुमारास काढायला सांगा, त्या वेळी श्वास जास्त अडकतो. आवाज आणि छाती दोन्ही यायला हवं. लाजू नका, माझ्या डॉक्टरांनी इतर कागदांआधी तोच पाहिला.
- चालू औषधांची यादी. झोपेच्या गोळ्या, अ‍ॅलर्जीच्या गोळ्या आणि आयुर्वेदिक औषधंसुद्धा लिहा.
- बीपीच्या काही दिवसांच्या नोंदी. साखर आणि थायरॉइडचे रिपोर्ट. ईसीजी किंवा इको झाला असेल तर तो.
- ‘एपवर्थ’ तक्ता. वाचताना, टीव्ही बघताना, गाडीत बसल्यावर अशा आठ प्रसंगांत डुलकी लागण्याची शक्यता किती, याला ० ते ३ गुण द्यायचे. एकूण २४ पैकी १० च्या वर गेलात तर दिवसाची झोप जास्त समजतात. कमी आले म्हणून आजार नाही असं मात्र होत नाही.
- आधार कार्ड, विम्याचं कार्ड, सरकारी नोकरी असेल तर वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीचे नियम.

३. कोणत्या डॉक्टरांकडे जायचं

बहुतेक ठिकाणी छातीविकारतज्ज्ञ म्हणजे चेस्ट फिजिशियन हे काम बघतात. काही शहरांत कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा न्यूरोलॉजिस्टही झोपेच्या आजारांचं काम करतात. पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा अपॉइंटमेंट घेताना तीन गोष्टी विचारा: स्लीप स्टडीचा रिपोर्ट डॉक्टर स्वतः वाचतात का, मशीन सुरू झाल्यावर त्याचा डेटा बघतात का, आणि महिन्याभरात परत बोलावतात का.

नाक कायम चोंदत असेल, नाकाचं हाड वाकडं असेल किंवा टॉन्सिल मोठे असतील, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना एकदा दाखवाच. नाक बंद असलं की पुढे मास्कचा सगळा खेळ बिघडतो.

खासगीत परवडत नसेल तर सरकारी किंवा महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या छातीविकार विभागाची ओपीडी गाठा. नंबर लागायला वेळ लागतो. म्हणून पहिल्याच भेटीत स्टडीची तारीख मागून घ्या.

४. स्लीप स्टडी: लॅबमध्ये की घरी

लॅबमधल्या तपासणीत एक रात्र तिथे झोपायचं. डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला, छातीला वायरी लावतात, नाकाशी हवेचा सेन्सर, छाती-पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिमीटर. ‘यात झोप कशी येणार?’ असं सगळ्यांना वाटतं, पण निदानापुरती ती येतेच. केसांना तेल लावू नका, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत. नेलपॉलिश काढा, दुपारी झोपू नका, संध्याकाळी चहा नको. उशी स्वतःची न्या. बायकांनी रात्री तंत्रज्ञ कोण असेल आणि घरचं कोणी सोबत राहू शकेल का, हे आधीच विचारावं. विचारण्यात काही वावगं नाही.

घरच्या तपासणीत छोटं यंत्र देतात. त्यात हवा, छातीची हालचाल आणि ऑक्सिजन मोजला जातो, पण मेंदूच्या लहरी बहुधा नसतात. म्हणजे तुम्ही झोपलात की नुसते पडून होतात हे त्या यंत्राला कळत नाही. ते पूर्ण वेळेनं भागाकार करतं, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो. लक्षणं ठळक आणि घरचा रिपोर्ट नॉर्मल, असं झालं तर लॅबमधली तपासणी मागा. हृदयाचा, फुप्फुसांचा किंवा मज्जासंस्थेचा मोठा आजार असेल तर सुरुवातच लॅबपासून व्हावी.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे ‘स्टडी फुकट, मशीन आमच्याकडून घ्या’. आमच्या गावातही एका विक्रेत्याचा माणूस असा आला होता. यंत्र लावलं, दुसऱ्या दिवशी एका पानाचा रिपोर्ट आणि सोबत मशीनचं कोटेशन. रिपोर्टवर डॉक्टरची सही नव्हती. विक्रेत्यानं यंत्र आणून लावायला हरकत नाही, पण मूळ नोंदी डॉक्टरांनी बघून सही केलेला रिपोर्टच धरा.

५. रिपोर्टमध्ये काय बघायचं

सगळे एएचआय बघतात. तासाला श्वास किती वेळा पूर्ण थांबला किंवा बराच कमी झाला, त्याची ती सरासरी. प्रौढांमध्ये ५ च्या खाली नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र.

पण एवढ्यावर पान मिटू नका. ऑक्सिजन किती खाली गेला आणि ९० टक्क्यांखाली किती वेळ होता, ते डॉक्टरांना विचारा. पाठीवर झोपल्यावरचा आकडा वेगळा दिला असेल तर तोही बघा. कुशीवर तो बराच कमी असेल तर त्याचा उपयोग होतो. स्वप्नांच्या झोपेतला, म्हणजे आरईएममधला आकडा वेगळा असतो. बायकांमध्ये एकूण आकडा सौम्य आणि आरईएमचा जोरदार, असं अनेकदा दिसतं.

अडथळ्यामुळे थांबलेले श्वास वेगळे आणि मेंदूनं हुकूमच न दिल्यानं थांबलेले, म्हणजे ‘सेंट्रल’, वेगळे. सेंट्रल जास्त असतील तर उपचाराची दिशा बदलते आणि हृदयाची तपासणी लागते. असा रिपोर्ट हातात असताना दुकानात जाऊ नका.

६. मशीन घेताना

नेहमीचा उपचार म्हणजे सीपॅप. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली तो मांडला. मशीन खोलीतलीच हवा ठरावीक दाबानं नाकातून आत सोडतं आणि घशाची वाट उघडी ठेवतं. ते ऑक्सिजन देत नाही, त्यामुळे ‘ऑक्सिजनवर आहात का?’ असं विचारणाऱ्या शेजाऱ्यांना हेच सांगायचं.

साध्या मशीनमध्ये दाब एकच असतो. ऑटोमध्ये तो गरजेप्रमाणे वरखाली होतो, साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या दाबादरम्यान. बायपॅप श्वास घेताना एक आणि सोडताना दुसरा दाब देतं. ते लठ्ठपणामुळे कार्बन डायऑक्साइड साठत असेल, सोबत फुप्फुसाचा आजार असेल किंवा सीपॅपचा जास्त दाब सोसत नसेल अशांसाठी. ‘बायपॅप जास्त चांगलं’ असं दुकानात सांगतात. ते जास्त महाग आहे एवढं नक्की. चिठ्ठीवर जे लिहिलंय तेच घ्या, आणि मशीनचा प्रकार, दाब व मास्क हे तिन्ही चिठ्ठीवर लिहून घ्या.

मशीन, ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी) आणि मास्क मिळून खर्च साधारण तीस हजारांपासून लाखापर्यंत कुठेही जातो. म्हणून आधी भाड्यानं घ्या. बरेच विक्रेते आठवड्याच्या किंवा महिन्याच्या भाड्यावर देतात, आणि पुढे विकत घेतलं तर काही जण भाडं वजाही करतात. विकत घेताना हे पक्कं करा:

- नावासकट जीएसटी बिल, सिरियल नंबर आणि वॉरंटी कार्ड
- डेटा साठवणारं मॉडेल, म्हणजे कार्ड किंवा अ‍ॅपची सोय असलेलं
- मास्क बसला नाही तर बदलून देणार का, आणि किती दिवसांत
- बिघाड झाल्यास दुरुस्तीपर्यंत बदली मशीन
- फिल्टर आणि मास्कची गादी (चेहऱ्याला टेकणारा मऊ भाग) गावात मिळते का, की प्रत्येक वेळी पुण्याहून मागवायची

सेकंडहँड मशीन टाळलेलंच बरं. २०२१ च्या जूनमध्ये फिलिप्सनं आपली लाखो सीपॅप आणि बायपॅप यंत्रं परत मागवली, कारण आतला आवाज दाबणारा फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याचा धोका होता. असली जुनी यंत्रं आपल्याकडेही हातोहात विकली जातात. परदेशातल्या भाच्यानं पाठवलेलं नवं मशीन चालतं, पण त्याची वॉरंटी इथे चालेल का ते आधी विचारा.

७. मास्क: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

लोक मशीन सोडतात ते मशीनमुळे कमी आणि मास्कमुळे जास्त.

तीन प्रकार असतात: नाकपुड्यांत बसणारा पिलो, नाकावरचा, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल-फेस. दुकानात बहुतेकदा फुल-फेस आधी पुढे करतात. नाक मोकळं असेल तर आधी नाकावरचा मागा. तो लहान असतो, हवा कमी गळते, चष्माही लावता येतो. तोंड उघडं राहत असेल तरच फुल-फेसचा विचार करा.

मास्क बसून नाही, आडवं होऊन बघायचा, आणि मशीन दाबावर चालू ठेवून. कुशीवर वळून बघा. पट्टे आवळणं ही सगळ्यांची पहिली प्रतिक्रिया असते आणि तीच उलटी पडते: नाकावर वळ उठतात, गळती तशीच राहते. पट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत.

माहितीपुस्तिकेत न सापडणारं थोडं. झोपण्याआधी तोंड धुवा. क्रीम किंवा तेल असेल तर सिलिकॉनची गादी घसरते आणि लवकर खराब होते. केसांना तेल लावायचं तर ते नहायच्या आदल्या रात्री नको, नहायच्या दिवशी सकाळी लावा. अंबाडा मागच्या पट्ट्यात येतो, त्यापेक्षा सैल वेणी बरी. कानातल्या कुड्या काढा, पट्ट्याखाली रुततात. पुरुषांची दाढी दाट असेल तर फुल-फेस गळतोच, पिलो बघा.

८. पहिले काही आठवडे

पहिल्या रात्री थेट मास्क लावून झोपायला जाऊ नका. संध्याकाळी मालिका बघताना मशीन चालू करून अर्धा तास नुसतं बसा. तीन-चार दिवस असं केलं की जीव घाबरणं कमी होतं. ‘रॅम्प’ चालू केला की दाब हळूहळू चढतो. श्वास सोडताना दाब थोडा कमी करायची सोयही बऱ्याच मशीनमध्ये असते. ती बंद असेल तर विक्रेत्याकडून चालू करून घ्या.

नाक-घसा कोरडा पडत असेल तर ह्युमिडिफायर वाढवा. नळीत पाणी साचून नाकात थेंब येत असतील, आणि आपल्या पावसाळ्यात येतातच, तर तो कमी करा आणि मशीन पलंगाच्या पातळीपेक्षा खाली ठेवा. पोटात हवा भरून ढेकर येत असतील तर डॉक्टरांना सांगा, दाब बघावा लागतो. डोळे सकाळी लाल होत असतील तर मास्क वरच्या बाजूनं गळतोय.

टाकीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं. पण इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणाऱ्या कॅनचं नाही. ते बॅटरीसाठीच आहे, श्वासासाठी नाही. मेडिकल दुकानात विचारा. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यानं टाकीत पांढरा थर बसतो. उरलेलं पाणी रोज सकाळी ओतून टाका. मास्कची गादी रोज साध्या साबणानं पुसा, नळी आठवड्यातून एकदा धुऊन सावलीत वाळवा. ओझोनवर चालणारी सफाई-यंत्रं घेऊ नका, अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं) २०२० सालीच त्यांबद्दल सावध केलं आहे.

किती तास लावायचं? रोज किमान चार तास आणि दहापैकी सात रात्री, हा निकष मूळचा अमेरिकी विम्याचा, पण इथेही तोच सांगितला जातो. मी शिक्षिका आहे म्हणून म्हणते, ते ३५ गुण आहेत. आरईएम झोप पहाटे जास्त असते आणि अनेकांचा श्वासही तेव्हाच जास्त अडकतो. तीन वाजता मास्क काढून ठेवलात तर रात्रीचा वाईट भाग उपचाराविना जातो. दुपारच्या झोपेलाही मशीन लावायचं.

काहींना दुसऱ्या दिवशीच हलकं वाटतं, काहींना कित्येक आठवडे काहीच वाटत नाही. दोन्ही ठीक. या काळात डुलकी येत असेल तर गाडी चालवू नका. खंबाटकी घाट काही थांबून राहत नाही.

९. पाठपुरावा

पहिल्या पंधरवड्यात एक फोन किंवा भेट, मग महिन्यानं, मग तीन महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. एवढं तरी ठरवून घ्या. जाताना वापराचे तास, मशीनवरचा एएचआय आणि गळती हे तीन आकडे न्या. मशीन लावल्यावर एएचआय ५ च्या खाली असावा. तो वर राहत असेल तर आधी गळती बघा, मग दाब. दाब स्वतः किंवा दुकानदाराच्या फोनवरून बदलू नका.

बीपी रोज मोजा, तो उतरू शकतो. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. वजनात मोठा फरक पडला, वाढलं किंवा घटलं, तरी दाब पुन्हा तपासावा लागतो.

१०. विमा आणि प्रतिपूर्ती

इथे निराशा व्हायची शक्यता जास्त. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींत सीपॅप आणि बायपॅप मशीन ‘न देय वस्तूं’च्या यादीत असतं, आणि फक्त तपासणीसाठी भरती झाल्यास तोही खर्च वगळलेला असतो. ओपीडीचं वेगळं कवच असेल तर स्टडीचे पैसे मिळू शकतात. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा नोकरीतल्या वैद्यकीय योजनेत असाल तर खरेदीच्या आधी कार्यालयात जा. पूर्वपरवानगी, तज्ज्ञाची शिफारस आणि स्लीप स्टडीचा सही केलेला रिपोर्ट हे कागद लागतात. आधी खरेदी आणि मग अर्ज केला तर फाईल फिरत राहते.

११. वीज आणि प्रवास

वीज गेली की मशीन बंद पडतं. गुदमरण्याची भीती नको. फुल-फेस मास्कमध्ये बाहेरची हवा आत घेणारी झडप असते, आणि नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळंच असतं. इन्व्हर्टर असेल तर साइन वेव्हचा बरा. बॅटरीवर ह्युमिडिफायर बंद ठेवा, जास्त वीज तोच खातो.

विमानात मशीन हातातल्या सामानात न्या, सोबत डॉक्टरांचं पत्र. सुटी बॅटरी १०० वॉट-तासांपर्यंत नेता येते, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. रेल्वेच्या डब्यातल्या चार्जिंग पॉइंटवर मशीनसाठी विसंबू नका, रात्री ते बंद असू शकतात. आणि निघताना टाकी रिकामी करा. पाणी भरलेलं मशीन बॅगेत आडवं झालं की पाणी मोटारीत जातं, आणि ते वॉरंटीत बसत नाही.

लग्नघरी दहा जणींच्या खोलीत मास्क लावायचा संकोच वाटतो खरा. मी भिंतीजवळची, विजेच्या बोर्डाशेजारची झोपायची गादी आधीच धरते.

१२. मशीनशिवाय काही आहे का

आहे, पण डॉक्टरांशी बोलूनच. सौम्य ते मध्यम आजारात दंतवैद्य खालचा जबडा पुढे ठेवणारं साधन बनवून देतात. फक्त पाठीवरच त्रास होत असेल तर कुशीवर झोपायची सवय उपयोगी पडते. वजन १० टक्के घटलं तर एएचआय सरासरी पाव भागानं कमी होतो असं अभ्यासात दिसलं आहे. २०२४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत लठ्ठपणासोबतच्या मध्यम-तीव्र अ‍ॅप्नियासाठी टिर्झेपेटाइड या इंजेक्शनला मान्यता मिळाली. भारतात ते २०२५ पासून मिळतं, पण जिममधल्या ओळखीनं घ्यायची ती गोष्ट नव्हे. वजन कमी करायची शस्त्रक्रिया विम्यात एरवी वगळलेली असते, पण बीएमआय ३५ च्या वर आणि तीव्र स्लीप अ‍ॅप्निया असेल तर दावा विचारात घेतला जातो. पॉलिसीतलं लठ्ठपणाचं कलम वाचा. लहान मुलं घोरत असतील तर आधी टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड दाखवा.

झोपण्याआधीचं मद्य आणि डॉक्टरांना न विचारता घेतलेली झोपेची गोळी, दोन्हींनी घसा आणखी सैल पडतो.

१३. ऑपरेशन ठरलं तर

मोतीबिंदू असो वा पित्ताशय, भूलतज्ज्ञांना स्लीप अ‍ॅप्निया आहे हे आधी सांगा, कारण भूल आणि वेदनाशामक औषधं त्यानुसार ठरतात. स्लीप स्टडीचा रिपोर्ट दाखवा. मशीन, मास्क आणि नळी हॉस्पिटलात सोबत न्या आणि तिन्हींवर नावाची पट्टी चिकटवा.